अकराव्या चालीपाशी थांबा

बुद्धिबळाचं ओपनिंग नुसत्या ओपनिंगच्या चालींतून शिकता येत नाही. ते अख्ख्या डावातून शिकावं लागतं, आणि तो डाव कुणीतरी स्पर्धेत, शेजारी घड्याळ चालू असताना, जिंकण्यासाठी खेळलेला आणि कागदावर उतरवलेला असावा लागतो. धारूर तालुक्यातल्या डोंगरपट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी शिकवतो. शाळा सुटल्यावर मुलांना पटावर बसवता बसवता हे मत पक्कं होत गेलं.

मुलं येतात ती मोबाईलवरचे सापळे पाठ करून. सगळ्यात लाडका सापळा म्हणजे फ्राइड लिव्हर. उंट सी४ वर, घोडा उडी मारून जी५ वर, एफ७ च्या प्याद्यावर दोघांचा मारा, आणि समोरचा गडबडला की राजा उघड्यावर. तालुक्याच्या स्पर्धेत हे हमखास चालतं. बीडला जिल्ह्याच्या स्पर्धेत कधी चालतं, कधी नाही. संभाजीनगरला किंवा पुण्याला गेलं की समोरचं पोर शांतपणे डी५ करतं, प्यादं मारू देतं आणि मग घोडा ए५ वर नेऊन सी४ च्या उंटाला हात घालतं. आपलं पोर उंटानं शह देतं, सी६ करून तो शह अडवला जातो, प्यादी मारली जातात, उंटाला मागं यावं लागतं, एच६ होऊन घोड्यालाही हुसकावलं जातं. आपल्याकडे एक प्यादं जास्त असतं खरं, पण समोरच्याचे मोहरे भराभरा बाहेर येणार असतात आणि आपले अजून घरातच असतात. व्हिडिओ त्याच्या आधीच संपलेला असतो. पुढं काय करायचं हे त्या मुलाला कुणी सांगितलेलंच नसतं.

अशा वेळी मी मुलाला रागवत नाही, त्याच्याकडून स्कोअरशीट मागतो. क्लासिकल स्पर्धेत प्रत्येक चाल लिहावी लागते, आणि पुष्कळ ठिकाणी कार्बनची दुसरी प्रत खेळाडूला मिळते. ती घेऊन आम्ही त्याच जागेवर पोचलेले मोठ्या खेळाडूंचे डाव काढतो. एकोणिसाव्या शतकात स्टाइनिट्झनं इथं घोडा सरळ पटाच्या काठावर, एच३ वर नेला होता. लोकांनी नाक मुरडलं आणि ती चाल मागं पडली. १९६३ मध्ये बॉबी फिशरनं बिस्गायरविरुद्ध तीच पुन्हा खेळली. घोडा काठावर नेऊ नये हे मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवलेलं असतं, म्हणून ती चमकतात. मग पटावर लावून बघायचं. घोडा एफ३ वर गेला तर काळा ई४ करून त्याला परत उठवतो आणि फुकटची चाल कमावतो. एच३ वर गेला तर ई४ करून काळ्याच्या पदरात काही पडत नाही. ही एवढी गोष्ट समजली की चाल पाठ करावी लागत नाही, आणि समोरच्यानं मध्येच वेगळं काही केलं तरी पोर गोंधळत नाही.

पण माझ्या शिकवण्यात मध्यावर असणारा डाव निराळा आहे. रोटलेव्ही विरुद्ध रुबिनस्टाइन, लॉड्झ, १९०७. आजच्या पोलंडमधलं ते गाव. काळ्या मोहऱ्यांनी अकिबा रुबिनस्टाइन.

या डावाचा शेवट जगभर प्रसिद्ध आहे. बाविसाव्या चालीला काळा आपला वजीर माऱ्यात तसाच ठेवतो आणि हत्तीनं सी३ वरचा घोडा मारतो. पांढरा वजीर घेतो, तर दुसरा हत्ती डी२ वर येऊन बसतो. पंचविसाव्या चालीला पांढरा डाव सोडतो. मुलांना हा शेवट आधी बघू द्यावा, अगदी पोटभर. आनंद दाबून अभ्यास होत नाही. नंतर मोहरे पुन्हा लावायचे आणि विचारायचं, राजावर रोखलेले हे दोन उंट इतक्या वेळेवर तिथं कसे आले?

मग आम्ही कागदावर पोस्टकार्ड ठेवतो आणि एकेक चाल खाली सरकवत जातो. प्रत्येक चालीआधी आपला अंदाज वहीत लिहायचा, मग कार्ड सरकवायचं. दोन पट लागतात. एकावर डाव जिथं आहे तिथंच उभा ठेवायचा, दुसऱ्यावर ‘इथं असं केलं असतं तर’ खेळून बघायचं. एकाच पटावर दोन्ही केलं की मुलं मूळ जागा विसरतात आणि अर्धा तास मोहरे परत लावण्यात जातो.

दहा चाली होतात. काळ्याचं डी५ चं प्यादं आणि पांढऱ्याचं सी४ चं प्यादं एकमेकांच्या माऱ्यात उभी आहेत. काळ्याला सी४ केव्हाही मारता आलं असतं. तो मारत नाही. तो सी५ वरचं प्यादं उंटानं परत घेतो, कॅसलिंग करतो, वजीर ई७ वर नेतो. अकराव्या चालीला पांढरा आपला उंट एफ१ वरून डी३ वर आणतो, आणि त्याच चालीला काळा सी४ मारतो. पांढऱ्याला त्याच उंटानं प्यादं परत घ्यावं लागतं. लगेच काळ्याचं प्यादं बी५ वर येऊन उंटावर चाल करतं आणि उंट पुन्हा डी३ वर जातो. डी३ च्या एका घरात बसायला त्या उंटाला तीन चाली लागल्या. पांढऱ्याचा वजीरही आधी डी२ वर आणि नंतर ई२ वर जातो, म्हणजे एका कामाला दोन चाली.

पंधराव्या चालीला पांढरा कॅसलिंग करतो. इथं मी सगळ्यांना हात मागं घ्यायला लावतो. पट नीट बघा म्हणतो. ए आणि बी पट्टीवरची प्यादी दोघांची सारखी. सी आणि डी पट्ट्या मोकळ्या. उंट सारखे, घोडे सारखे, वजीर सारखे, राजे सारखे. फरक एकच, काळ्याचा एक हत्ती आधीच डी८ वर, मोकळ्या पट्टीवर जाऊन बसला आहे. आणि वर खेळायची पाळीही काळ्याची आहे. डाव सुरू केला होता पांढऱ्यानं. पंधरा चालींत ती आघाडी गेली आणि काळा पुढं निघून गेला. एकही मोहरा मेला नाही की फसला नाही, कुणी घोडचूक केली नाही. गेला तो फक्त वेळ.

पहिल्यांदा हे दाखवलं तेव्हा सातवीतल्या एका मुलीनं पटावरची नजर न काढता म्हटलं, ‘सर, काळ्यानं वापसा बघून पेरलं.’ पावसानंतर रान ना चिखल ना कोरडं, असं पेरणीजोगं झालं की त्याला वापसा आला म्हणतात. तिच्या घरची कोरडवाहू जमीन आहे, म्हणून तिला तो शब्द आपसूक सुचला. टेम्पो, म्हणजे चालीचा हा वेळ, मी तासभर समजावला असता तरी तिला याहून जास्त कळलं नसतं.

एवढ्यावर थांबलं तर तो एक सुंदर डाव म्हणून वहीत राहतो. खरा अभ्यास त्यानंतर सुरू होतो, कारण त्या डावातली कल्पना पुढं कुठं गेली हे शोधायचं असतं. १९२४ मध्ये इटलीतल्या मेरानो गावच्या स्पर्धेत रुबिनस्टाइन काळ्या मोहऱ्यांनी ग्रुनफेल्डशी खेळला. तिथंही पांढऱ्याचा उंट डी३ वर येईपर्यंत थांबायचं, आला की सी४ मारायचं, त्यानं परत घेतलं की बी५ करून हाकलायचं, मग सी५ करून मध्यावर धडक मारायची. ओपनिंगच्या पुस्तकांत याला मेरान म्हणतात. २००८ मध्ये बॉनला जगज्जेतेपदाच्या सामन्यात विश्वनाथन आनंदनं क्रॅमनिकविरुद्ध तिसरा आणि पाचवा असे दोन डाव काळ्या मोहऱ्यांनी जिंकले, तेही मेरानच.

आणि जानेवारी २०१३, विक आन झी, अरोनियन विरुद्ध आनंद. पुन्हा सहाव्या चालीला उंट डी३, पुन्हा सी४ वर मारा, पुन्हा बी५, पुन्हा उंट माघारी. अरोनियन घोडा जी५ वर नेतो आणि तेराव्या चालीला एच७ चं प्यादं उचलतो. एकाच घोड्याच्या त्या चाली होत असताना आनंदनं सी५ केलेलं असतं, आणि आता त्याचा घोडा जी४ वर येतो. पंधराव्या चालीला आनंद डी६ चा उंट सी५ वर, सरळ पांढऱ्या प्याद्याच्या तोंडी देतो. सोळाव्या चालीला दुसरा घोडा ई५ वर, तोही प्याद्याच्या तोंडी. तेविसाव्या चालीला डाव संपला. आता दोन्ही डाव शेजारी शेजारी लावा. पांढरा राजा एच१ च्या कोपऱ्यात, काळा घोडा जी४ वर, एका काळ्या उंटाचा रोख बी७ पासूनच्या लांब कर्णावर, दुसऱ्याचा जी१ कडे. मध्ये १०६ वर्षं आहेत. आनंदला हा डाव पटावर बसून अचानक सुचला असं कुणी मानू नये. त्याच्यामागं कुणीतरी लिहून ठेवलेले असंख्य डाव आणि त्याची स्वतःची घरची तयारी होती. ओपनिंग येणं म्हणजे काय, ते मला तरी या चार सालांतून कळलं.

याचा उपयोग स्पर्धेत कसा होतो ते सांगतो. वापसा म्हणणारी ती मुलगी पुढं एका स्पर्धेत काळ्या मोहऱ्यांनी खेळत होती. डाव त्याच वाटेनं चालला होता, पण सहाव्या चालीला समोरच्या मुलीनं उंट हलवलाच नाही, वजीर सी२ वर नेला. नुसत्या चाली पाठ केलेलं पोर इथं अडखळतं. हिनं थोडा वेळ विचार केला आणि आपला उंट डी६ वर काढला. नंतर मी विचारलं, का? तर म्हणाली, ‘ती पण वाटच बघत होती सर. मग मी पण अजून एक कामाची चाल केली.’ वजीर सी२ ला जाण्यामागचं कारण अगदी हेच आहे, पांढराही उंट हलवायची वेळ पुढं ढकलत असतो. हे तिला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं. तिनं रुबिनस्टाइनच्या डावातून ओळखलं. तो डाव पुढं बरोबरीत सुटला.

मी स्वतः हे शिकलो ते पुण्याहून, अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या इन्फॉर्मेटरच्या जुन्या अंकातून. अलेक्सांदर मातानोविच यांनी १९६६ मध्ये बेलग्रेडहून हे प्रकाशन सुरू केलं. सुरुवातीला वर्षाला दोन अंक, आणि त्यात जगभरच्या स्पर्धांतले निवडक डाव टिपणांसह. संगणक येण्याआधी ग्रँडमास्टर याच अंकांवर पोसले गेले. त्याची खरी थोरवी वेगळीच आहे, त्यात भाषा नव्हती. मोहऱ्यांची छोटी चित्रं आणि ठरलेली चिन्हं. पांढरा थोडा बरा, काळा बराच बरा, चाल उत्तम, चाल शंकास्पद, याहून चांगली चाल अमुक, हे सगळं खुणांत. मराठी माध्यमातल्या मुलाला इंग्रजी येत नाही म्हणून त्याचं बुद्धिबळ अडावं असं काही नाही, हे मला त्या अंकानं दाखवलं. खुणांचा तक्ता मी वर्गाच्या भिंतीवर रंगवून घेतला आहे. पाचवीतलं पोरही तो वाचतं. याच मंडळींनी ओपनिंगचा पाच खंडांचा कोशही काढला. ए पासून ई पर्यंत पाच विभाग, प्रत्येकात शंभर, असे ५०० क्रमांक. मेरान डी४७ ते डी४९ मध्ये सापडतं. क्रमांक माहीत असला की शोध सोपा होतो.

आता मोबाईलवर लाखो डाव फुकट मिळतात आणि ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्यातल्या टक्केवारीला भुलू नये. एखाद्या चालीपुढं पांढऱ्याच्या विजयाचा आकडा मोठा दिसतो, आणि उघडून बघावं तर डाव मूठभर, त्यातही पांढऱ्याकडे खेळणारा दर वेळी दोन-तीनशे रेटिंगनं वरचढ. शेवटचे डाव कोणत्या सालचे आहेत तेही बघायचं. एखादी चाल मोठ्या खेळाडूंनी अचानक खेळणं थांबवलं असेल तर त्याला बहुधा कारण असतं, आणि ते कारण एका विशिष्ट डावात सापडतं. इंजिनबद्दल माझं मत स्पष्ट आहे, पहिल्या दिवशी ते बंद ठेवावं. इंजिन आकडा सांगतं, कारण सांगत नाही. मुलांनी आपली कारणं वहीत लिहिली की दुसऱ्या दिवशी ते लावून तपासावं. त्या क्रमानं इंजिन फार चांगलं शिकवतं.

पसारा वाढवू नये हेही तितकंच महत्त्वाचं. पांढऱ्याकडे एक पद्धत, काळ्याकडे ई४ ला एक आणि डी४ ला एक, बास. प्रत्येकीसाठी ती वर्षानुवर्षं खेळलेला एखादा मोठा खेळाडू निवडावा आणि त्याचे डाव क्रमानं बघावेत. कॅरो-कान घेतलंत तर कार्पोव्ह, फ्रेंच घेतलंत तर कोर्चनॉय. जिंकलेले डाव बघा तसे हरलेलेही बघा, कारण त्या ओपनिंगचं दुखणं हरलेल्या डावातच दिसतं. बाराव्या-पंधराव्या चालीला थांबून सगळे मोहरे उचलायचे आणि पटावर फक्त प्यादी ठेवायची. मग विचारायचं, या प्याद्यांच्या सांगाड्यात माझे घोडे-उंट कुठं शोभतील? हा खेळ मुलांना फार आवडतो.

आमच्याकडे वर्षाचे पाच-सहा महिने मुलं निम्मी होतात. दिवाळी आली की मुकादमाच्या गाड्या लागतात आणि बीड जिल्ह्यातली कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला सांगली, कोल्हापूर, पार कर्नाटकापर्यंत जातात. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, जावंच लागतं. गुढीपाडव्याच्या आसपास परत येतात. काही मुलं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, काही फडावर जातात. फडावर जाणाऱ्या एका मुलाला मी गुंडाळायचा पट, मोहरे आणि झेरॉक्स केलेले थोडे डाव दिले होते. मोबाईल बापाकडे, आणि बाप पहाटेपासून फडात. पोरगं कोपीबाहेर पट मांडून कागदावर हात ठेवून एकेक चाल काढायचं. परत आलं तेव्हा वहीच्या समासात प्रश्न होते. रोटलेव्हीच्या डावापुढं लिहिलं होतं, ‘काळ्याचा राजा नवव्या चालीला आत, पांढऱ्याचा पंधराव्याला. ह्याला एवढा उशीर का?’ याहून नेमकं टिपण मी त्या डावावर क्वचित वाचलं आहे. शाळा बुडते तसं त्याचं बुद्धिबळ बुडू नये एवढंच त्या झेरॉक्सचं काम होतं, आणि ते तिनं केलं. पण हे झेरॉक्सवर भागण्यासारखं नाही. फडावरच्या मुलांची शाळा, आणि शाळेबरोबरचं सगळंच, हा शासनाचा आणि कारखान्यांचा प्रश्न आहे. तो तिथंच सुटला पाहिजे.

डाव लिहून ठेवण्याचं मोल मुलांना पटावं म्हणून मी त्यांना दोन माणसांची हकीकत सांगतो. १८५५ च्या सुमारास कलकत्त्यात जॉन कॉक्रेन या स्कॉटिश बॅरिस्टरबरोबर महेशचंद्र बॅनर्जी नावाचे बंगाली गृहस्थ खेळत. काळ्याकडून ते प्यादं जी६ वर करून उंट जी७ वर बसवत. पुढं १९२२ पासून ग्रुनफेल्डच्या नावानं गाजलेली मांडणी त्यांच्या डावात तेव्हाच आहे. हे आज आपल्याला माहीत आहे ते कॉक्रेननं ते डाव नोंदवून ठेवले म्हणून. दुसरे पंजाबचे मीर सुलतान खान. ते देशी पद्धतीत वाढले, जिथं प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं. आमच्या गावातले म्हातारे अजून तसंच खेळतात. १९२९ मध्ये इंग्लंडला जाऊन ते तिथले विजेते झाले, १९३२ आणि १९३३ मध्येही झाले, आणि हेस्टिंग्जला त्यांनी कापाब्लांकाला हरवलं. पण ओपनिंग हे त्यांचं शेवटपर्यंत दुबळं अंग राहिलं, कारण पाश्चात्त्य पद्धतीचे लिहिलेले डाव त्यांच्या वाट्याला आलेच नव्हते. २०२४ मध्ये फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेनं त्यांना मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर ठरवलं. गावातल्या हुशार पोराला काय कमी पडतं ते त्यांच्याकडे बघून कळतं. डोकं कमी पडत नाही.

नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ च्या जुलैमध्ये बाटुमीला कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर झाली, तेव्हापासून आमच्याकडे मुलींची गर्दी वाढली आहे. पालकही विचारतात, कुठला क्लास लावू, कुठलं ॲप घेऊ. माझं सांगणं एवढंच आहे. घरात स्पर्धा खेळणारं मूल असेल तर त्याच्या स्कोअरशीट रद्दीत टाकू नका. तारीख घालून एका फाईलला लावा, हरलेल्या आधी लावा. शाळेत शिकवत असाल तर दोन पट आणि एक कोरी वही घ्या, मोबाईल बाजूला ठेवा आणि लॉड्झचा १९०७ चा तो डाव मुलांसमोर मांडा. अकराव्या चालीपाशी थांबा आणि काळ्यानं सी४ आत्ताच का मारलं, हे मुलांना विचारा. उत्तर तुम्ही सांगू नका.